कुंपणावरची पवनचक्की

मित्रांनो, मी एक जुनी पवनचक्की आहे. पीठ दळणारी नव्हे, जमिनीतले पाणी उपसणारी. नेब्रास्कातल्या एका लहान गावाबाहेर दोन कुरणांच्या सीमेवर मी उभी आहे. कोलर आणि बार्टेल्स या दोन शेजाऱ्यांनी मिळून मला उभे केले. कुंपणाची तार त्यांनी मुद्दाम माझ्या हौदाच्या मधोमध नेली. दोन्हीकडच्या गाई एकाच हौदात तोंड घालत.

एका हिवाळ्यात बर्फाच्या वादळाने गावाची वीज गेली, नळ बंद पडले. तेव्हा सारे गाव दुधाचे कॅन घेऊन माझ्यापाशी आले. त्यांत हार्लन डीट्झ हा तरुणही होता. "ही नसती तर तहानेने मेलो असतो," असे तो म्हणाला होता. किती फुशारले होते मी!

पुढे कोलरांच्या मुलांनी कुरण एका बांधकामवाल्याला विकले. ते गावाच्या हद्दीत घ्यावे आणि मला पाडून तिथे घरांना परवानगी द्यावी, असा त्याने अर्ज केला. जागा पाहायला गावाचे पंच आले. हार्लन आता त्यांचा प्रमुख होता.

पलीकडून म्हातारी इर्मा बार्टेल्स तारेपाशी आली. "हार्लन, माझी जमीन हद्दीबाहेर ठेव हं. आत घेतलीस तर गाई पाळायला बंदी येईल. मग मी दिवसभर काय करू, तुझी भाषणं ऐकू?"

"अगं इर्मा, तुझ्या गाईंना कोण हात लावतंय? माझा शब्द आहे."

"तुझा शब्द होय? रस्त्यावर डांबर येणार होतं, तोच ना?"

सगळे हसले. तीही हसली, आणि तिने शब्द धरला. आमच्याकडे शेजाऱ्याने शब्द दिल्यावर तोच विषय चारचौघांत काढणे म्हणजे त्याला खोटे पाडणे.

पंचांपुढे अर्जाची सुनावणी झाली, तीत प्रत्येकाला तीन मिनिटे बोलायला मिळाली. इर्माने आपली सगळी माझ्यासाठी खर्च केली. चक्की पाडू नका, म्हणाली. गाईंबद्दल चकार शब्द काढला नाही. टाळ्या पडल्या, मला अभय मिळाले, आणि त्याच ठरावात इर्माचे कुरणही हद्दीत गेले.

हार्लन सांगायला आला. "वाचवली की नाही तुझी चक्की?"

"आणि गाई रे?"

"नकाशात हद्दीची रेष सरळ हवी होती, इर्मा. मी एकटा काय करणार?"

तिने त्याच्याकडे पाहिलेदेखील नाही. "वकील आणायचा होता मी," ती म्हणाली. "म्हटलं, तुला वाईट वाटेल."

मग माझी विहीर बुजवली, चाक साखळीने जखडले आणि मला पांढरा रंग दिला. नव्या वसाहतीला माझेच नाव दिले. गाई न्यायला ट्रक आला, तेव्हा त्यांतली एक तारेखालून मान घालून माझ्या कोरड्या हौदाचा पत्रा चाटत राहिली. इर्मा तिला ओढत नव्हती, नुसती उभी होती.

मित्रांनो, वसाहतीतली मुले माझ्यापुढे फोटो काढतात. मी सुंदर दिसते म्हणे. पण खरे सांगू? मला पाडले असते तर इतके लागले नसते. एखादी जुनी वस्तू जपायची असेल, तर तिच्यावर जगणाऱ्यांनाही जपा. आणि शेजारीण तुमच्या शब्दावर विसंबून गप्प बसली असेल, तर तिच्या वाटचे तुम्ही बोला.