वादळातली अर्धी विहीर

उंद्रीत आमच्या आणि बाबांच्या चुलतभावाच्या, शेषरावकाकाच्या वावरांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आजवर एकच पीक जोमानं आलं आहे. भांडणाचं. मे महिन्यात काकाने उपग्रहाच्या यंत्राचा मोजणीवाला आणला. धुऱ्याची रेघ थेट आमच्या विहिरीच्या मधोमध गेली.

"अर्धी विहीर माही," काका म्हणाला. "तुमी तुमच्या अर्ध्यातून प्या."

"बादली उभी चिरू का, काका?" मी विचारलं.

"आधी तुले चिरतो बे."

प्रकरण तंटामुक्ती समितीत गेलं. अध्यक्ष फकीर मोहम्मदचाचा. माझी बहीण निशिगंधा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. तिचं म्हणणं सरळ होतं: मोजणीच्या दिवशी सूर्यावरच्या स्फोटाचा ढग पृथ्वीवर आदळला, उपग्रहांचा हिशोब चुकला, म्हणून मोजणी रद्द करा.

"सूर्याचा वारा तर रोजच येते म्हन्तं," काका गुरकावला. "त्या दिवशीचा स्फोटाचाच होता, कायवरून?"

"त्यात काय होतं त्यावरून. बहुतेक कण हायड्रोजनचे, एरवी शंभरात चारेक हेलियमचे. त्या दिवशी हेलियम आठाच्या वर गेलं. लोखंडाच्या कणांवरचे इलेक्ट्रॉनही असे सोलले गेलेले, की ते फार तापलेल्या जागेतूनच निघाले असणार. अवकाशातल्या यानानं मोजलंय."

"हेलियम म्हंजे फुग्यातलं? फुग्यानं माहा धुरा सरकवला?"

"तुमचा होता कधी?"

काका उठला. त्याला दोघांनी धरलं. मलाही दोघांनी धरलं. मी बसलेलोच होतो, पण समितीला समतोल लागतो.

"पोरगी बराबर बोलून राह्यली," चाचा म्हणाले. "वाऱ्यावर फोडणी कशाची आली, त्यावरून कोणाच्या घरून आली ते मले समजते. सूर्य शांत झाला का पुन्हा मोजा."

मग निशिगंधा रोज आकडे पाहायची आणि काका रोज सूर्याकडे डोळे वटारून.

हेलियम चारावर उतरलं त्या सकाळी मोजणी झाली. निशिगंधा यंत्राला खेटून उभी. मोजणीवाल्याने खुंटी ठोकली ती विहिरीच्या अलीकडे, आमच्या वांग्यांत. अख्खी विहीर काकाची.

"काऊन वो," काकाने तिला विचारलं, "आज वाऱ्यात काही गडबड?"

"नाही," ती म्हणाली. हा शब्द तिने दात न उघडता उच्चारला.

काकाने तिथल्या तिथे विहिरीवरच्या मोटारीला कुलूप घातलं. बाबा तिच्याजवळ सरकले.

"निशिगंधे," ते हळूच म्हणाले, "सूर्य पुन्हा कवा फुटन?"