काकांचं मोठं अक्षर

माझ्या नाकावर राग असतो, असं घरचे म्हणतात. असेल. पण चार महिन्यांपूर्वी ताप येऊन गेला आणि त्या नाकावर नुसता रागच उरला. वास येईनासा झाला. आणि माझं काम काय, तर वाईन चाखायचं!

आमच्या गोदामाच्या माडीवर एक लांब टेबल आहे. कुठली वाईन मागवायची ते तिथे ठरतं. चाखणारे आम्ही तिघं: मालकीणबाई, मी आणि काका. काका नात्याने कोणाचेच नाहीत. तीस वर्षं हेच काम करतात, मला ग्लास कसा धरायचा तेही त्यांनीच शिकवलं. बाटलीवर कापडी पिशवी असते. घोट घ्यायचा, भांड्यात थुंकायचा आणि एक अक्षर न बोलता चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठ्या वाचायच्या त्या नंतर.

वास गेल्याचं मी कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसले असते. मी आपली काकांच्या चिठ्ठीवरून उतरवत होते, दोन शब्द इकडचे तिकडे करून. नशीब माझं, की त्यांचं अक्षर नेमकं त्याच सुमारास मोठं झालं होतं. एरवी नुसते मुंगीचे पाय, आता दुकानावरची पाटी. वर मी त्यांनाच चिडवायचे, ‘‘काका, वय झालं, डोळे दाखवा.’’ एकदा तर हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. बाहेर येऊन काका म्हणाले, ‘‘मोठं लिहीत जा म्हणाले.’’

त्या सकाळी स्पेनची रेड वाईन आली होती. बाटली पुढे ठेवत मालकीणबाई म्हणाल्या, ‘‘तुमच्या दोघांच्या चिठ्ठ्या हल्ली जुळ्या बहिणी वाटतात. तसंच असेल तर मला दोन माणसं कशाला? आज वेगळं बसा.’’

काका टेबलाच्या पार टोकाला गेले. मी ग्लास फिरवला, नाक आत घातलं. काही नाही. पुन्हा घातलं. रागाने तिसऱ्यांदा घातलं, आणि जर्दाळू! डब्याचं झाकण उघडावं तसा स्पष्ट वास. माझे डोळेच भरून आले. मागोमाग काळी चेरी आली, थोडी मिरी आली. पण लाल वाईनमध्ये जर्दाळू कसा? तो तर पांढऱ्या द्राक्षांचा वास. मनाचा हिय्या करून द्राक्षांची नावं लिहिली: ‘टेंप्रानियो, सिरा, आणि यात थोडी पांढरी द्राक्षं आहेत.’

चिठ्ठी वाचून मालकीणबाई हसल्या. ‘‘रेडमध्ये पांढरी? काका, तुम्ही काय लिहिलंत?’’

‘‘पांढरं काही नाही लिहिलं. मला नाही लागलं.’’

मालकीणबाईंनी पिशवी काढली, मागचं लेबल वाचलं. टेंप्रानियो, सिरा, आणि चार टक्के वियोन्ये. वियोन्ये म्हणजे पांढरं द्राक्ष. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली. काका मात्र असे खूश, जणू त्यांचीच मुलगी पास झाली. उठले आणि आपली खुर्ची ओढत पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसले.

दुसरी बाटली आली. सवयीने माझी मान त्यांच्या चिठ्ठीकडे वळली. मुंगीचे पाय! एक शब्द लागेना.

‘‘काका,’’ मी कुजबुजले, ‘‘डॉक्टरांनी मोठं लिहायला सांगितलं होतं ना?’’

‘‘डोळे ठणठणीत आहेत म्हणाले होते,’’ काका मान वर न करता पुटपुटले. ‘‘चार महिने मोठं लिहून हात भरून आला गं. आता पुरे.’’

‘‘बोलायचं नाही,’’ मालकीणबाई ओरडल्या.

मग मी लिहिलं. पाटीएवढ्या अक्षरात: ‘काका, तुमच्यामुळे टिकले. हे मी जन्मात विसरणार नाही.’ चिठ्ठी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी ती वाचली, घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि एक कोरी चिठ्ठी माझ्यापुढे केली.

‘‘वाईनचं लिही,’’ ते म्हणाले.