मंडळी, समोरचा सिग्नल लाल आहे

"शी! परत कांद्याचा वास. पुसत का नाही रे कोणी याला? अख्ख्या शहराचं कौतुक याच्यात तोंड घालून करायचं, आणि याला मेलं एक फडकं मिळू नये!"

ही कुरकुर माझ्याबद्दलची होती आणि माझ्या अगदी तोंडाशी चालली होती. करणारी होती आमची गाइडताई. बटण बंद होतं म्हणून बसमध्ये कोणाला ऐकू गेली नाही. मला गेली. बटण बंद केलं की माइकलाही ऐकू येत नाही, असं माणसांना का वाटतं कोण जाणे!

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. शहर दाखवणाऱ्या दुमजली बसच्या वरच्या, उघड्या मजल्यावर, सगळ्यात पुढच्या दांडीच्या हुकाला मी लटकलेला असतो. ऊन खातो, धूळ खातो आणि माणसांचे श्वास मोजतो.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाशी बसलेल्या बायका बोलता बोलता आमच्या पोटात तारा भरत. एकीची सासू, दुसरीचं अभ्यास न करणारं पोर, तिसरीचा दुखरा गुडघा, हे सगळं ऐकतच मी घडलो. शेवटी एका चष्मेवालीनं मला तोंडाशी धरलं, "हॅलो, हॅलो" म्हटलं आणि खोक्यात टाकून दिलं. जिनं मला पहिली हाक मारली, तिनं उत्तराची वाटसुद्धा पाहिली नाही! तेव्हापासून माझा स्वभाव संशयी झाला तो झालाच.

बसवर आलो तेव्हा माझी जाळी चांदीसारखी चमकत होती. बस चालवणारा दादा आणि शहर सांगणारी ताई हे सख्खे बहीणभाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हा ताई एवढीशी होती. दादानंच तिला वाढवलं, तिच्या वेण्यासुद्धा त्यानंच घातल्या. वाकड्या असत, पण रोज असत. पुढे या कामावरही त्यानंच तिला आणलं. दादा खाली, काचेच्या केबिनमध्ये. ताई वर, माझ्यापाशी. ती बोले ते त्याच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून त्याला ऐकू जाई. वरून खाली जाणारा तेवढाच एक धागा होता, आणि तो धागा म्हणजे मी.

ताईचं बोलणं म्हणजे काय सांगू! "मंडळी, उजवीकडे घड्याळाचा मनोरा. हे घड्याळ कायम मागे असतं, त्यामुळे या शहरात उशीर कोणालाच होत नाही." लोक खळखळून हसत. पुलावरून जाताना ती आवाज खाली आणी, संग्रहालयाशी चढवी, आणि चौकातल्या पुतळ्यापाशी म्हणे, "वरच्या माणसाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. मंडळी, जरा घोड्याकडेही बघा, सगळं ओझं त्याच्यावर आहे." फेरी संपली की टाळ्या पडत. त्यातल्या निम्म्या माझ्या, असं मी मनात धरून चाले.

मग एके दिवशी ताईनं पाठ फिरवली.

आजवर ती प्रवाशांकडे तोंड करून बोले. आता ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहू लागली. एका हातानं दांडी घट्ट धरलेली, दुसऱ्या हातात मी, तोही घट्ट. आणि बोलणं? "मंडळी, समोरचा सिग्नल लाल आहे. या शहरातले सिग्नल फार देखणे." लोक हसले. "आता डावीकडून एक रिकामी गाडी निघतेय, तिला जाऊ देऊ या." लोक पुन्हा हसले. मी नाही हसलो. कुठे तरी पाणी मुरत होतं.

आधी वाटलं, बाई थकली. मग वाटलं, हिनं वाहतूक पोलिसाशी संधान बांधलंय. एकदा तर वाटलं, ही मुद्दाम काहीबाही बोलतेय, म्हणजे माइक बिघडला म्हणून नवा आणता येईल. मित्रांनो, संशयाला काम नसलं की तो आपल्यापासूनच सुरुवात करतो.

त्याच सुमारास बस डेपोच्या फाटकाला घासली. त्याच आठवड्यात माझ्या वायरचं सालपट निघालं होतं. ती बघायला मिस्त्री वर आला. मागोमाग तिकीटकाका आले, तिकिटं फाडणारे.

"ब्रेक चोख आहेत," मिस्त्री म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

"मग फाटकाला घासली कशी?"

"फाटक अरुंद आहे."

"आजच अरुंद झालं होय?"

मिस्त्रीनं दातानं चिकटपट्टी तोडली आणि माझ्या जखमेवर गुंडाळली. "काका, तुम्ही तिकिटं फाडा. मी यंत्रं बघतो. माणसांचं मला विचारू नका."

वायर बदलायला हवी होती. पण पट्टी लावली की झालं, असं दोघांनाही बरं वाटलं.

दोन दिवसांनी डेपोचे साहेब वर आले. साहेब कधी वर येत नसत.

"ताई, हल्ली तुम्ही सिग्नलबिग्नल फार सांगता म्हणे?"

"लोकांना आवडतं, साहेब."

"आवडतं ना? मग ठीक आहे." साहेबांनी दांडीवरची नसलेली धूळ झटकली. "दादांचा चष्मा नवीन आहे, नाही का?"

"हो. सवय व्हायची आहे."

"होते, होते. लागतो वेळ." आणि साहेब जिना उतरूनही गेले. इतक्या घाईनं उतरणारा माणूस काही तरी वर विसरून जातो. बहुतेक विचारायचं राहिलेलंच.

माझा संशय आता एका जागी येऊन उभा राहिला होता. तरी मला खात्री नव्हती. ती झाली दुपारच्या सुट्टीत.

बस उद्यानापाशी रिकामी उभी होती. दादा डबा घेऊन वर आला. जिन्याची प्रत्येक पायरी आधी बुटानं चाचपत. ताई पुढे धावली नाही. तिनं नुसता घसा खाकरला, म्हणजे ती कुठे बसली आहे ते त्याला कळलं. दोघं जेवायला बसले.

"आज फुलवाल्याच्या कोपऱ्यावर तू उशिरा बोललीस," दादा म्हणाला.

"काय उशिरा?"

"काही नाही गं. आपलं, वर्णन. आधी सांगावं. म्हणजे लोकांना मान वळवायला वेळ मिळतो."

ताईचा घास हातातच राहिला. "बरं. आधी सांगत जाईन."

"आणि जरा सावकाश."

"बरं, दादा."

"लोणचं संपवलंस?"

"तुझ्या डब्याच्या झाकणात ठेवलंय. डावीकडे."

दादाचा हात डावीकडे गेला, चुकला, परत फिरला आणि सापडल्यावर असा थांबला जणू पहिल्यापासून तिथंच जायचं होतं. ताई उद्यानाकडे बघत राहिली. त्यालाही ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं, आणि दोघं लोणच्याबद्दल बोलत होते.

मित्रांनो, मला तिचा राग आला होता, हे खरं. वरच्या मजल्यावर रोज माणसं बसतात, लेकरं मांडीवर घेऊन बसतात. पण तिचं तोंड माझ्या तोंडाशी असे, त्यामुळे बटण दाबण्याआधीचं पुटपुटणंही मी ऐकत असे. "आजचा दिवस जाऊ दे. उद्या बोलते." रोज हेच. दादाच्या हातून ते चाक काढून घ्यायचं म्हणजे त्याला घरी एका खुर्चीत नेऊन ठेवायचं. ज्यानं आपल्या वेण्या घातल्या, त्याला हे सांगायला शब्द कुठून आणायचे? शहराबद्दल तिच्याकडे ढीगभर शब्द होते.

म्हणून तुम्हाला एकच विनवणी करतो. घरातली कुठलीही वस्तू कुरकुरू लागली, खरखरू लागली, तर तिला पट्टी गुंडाळून पुढे ढकलू नका. उघडून बघा. दुखणं कुठे आहे ते विचारा. पट्टीखाली काही बरं होत नाही, नुसतं दिसेनासं होतं. हे मी माझ्या वायरीवरून सांगतोय, बाकी तुम्ही शहाणे आहात.

कारण माझी ती वायर शेवटी तुटलीच, आणि तुटली ती संग्रहालयाच्या चौकात.

बस भरलेली होती. समोर शाळेची लहान मुलं एका दोरीला धरून रस्ता ओलांडत होती. ताईला ती वरून दिसली. "मंडळी, समोरचा सिग्नल..." ती म्हणाली आणि मी मुका झालो.

ती बोलत होती. ओरडत होती. माझ्या जाळीवर तिचा श्वास आदळत होता आणि माझ्यातून काही म्हणता काही खाली जात नव्हतं. बस पुढे सरकत होती. इतका निरुपयोगी मी कधीच नव्हतो.

मग बस थांबली. सिग्नलच्या कितीतरी अलीकडे, रस्त्याच्या ऐन मध्यावर. खालच्या माणसाला आवाज ऐकू येईना, म्हणून त्यानं पाय ब्रेकवर रोवला होता. मुलं दोरी धरून रमतगमत पलीकडे गेली. एकानं आम्हाला हातसुद्धा केला.

सिग्नल हिरवा झाला. बस हलेना. मागे भोंगे सुरू झाले.

"अहो, हिरवा झाला की!" कोणी तरी म्हणालं.

"झोपला का काय ड्रायव्हर?"

ताईनं मला हलवलं, झटकलं आणि तुटलेल्या जागी अंगठा घट्ट दाबून धरला. खर्रकन आवाज झाला. मला पुन्हा कंठ फुटला.

तिनं श्वास घेतला. तिचे सगळे श्वास मला पाठ होते. विनोदाआधीचा आखूड, थापेआधीचा लांब, नाकातून घेतलेला. मी थापेची वाट बघत होतो. "मंडळी, आता सिग्नल हिरवा झाला आहे," असंच काही तरी.

हा श्वास त्यांतला नव्हता.

"दादा," ती म्हणाली. भरल्या बसमध्ये, वर, खाली, सगळ्या स्पीकरमधून. "दादा, तुला दिसत नाही रे आता. चावी काढ. मी येते खाली."