नेरियसचा दगड

"उठा त्या दगडावरून."

मी आवाज चढवला नाही; मला तो चढवावा लागत नाही. राजधानीहून आलेला तो तरुण अधिकारी गडबडीने उठला आणि विजार झटकू लागला.

"चुकलं हं, आजी. मला वाटलं, बसायलाच ठेवलाय."

"एकदा ठरलेलं कुणी पुन्हा उकरू नये, म्हणून रोवलाय तो. आणि तुम्ही नेमके तेच उकरायला आलात."

आमचे बुगनव्हिल बेट देशातून फुटून स्वतंत्र व्हावे की नाही, हे आम्ही मत देऊन सांगितले, त्याला कित्येक वर्षे झाली. शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांनी 'व्हावे' म्हटले. पण शेवटचा होकार देशाच्या राजधानीने द्यायचा आहे. त्या दिवशी माझा भाऊ नेरियस, बेटावरच्या यादवी युद्धात निकामी झालेला पाय ओढत, दोन डोंगर उतरून मतदानाला गेला. परतल्यावर त्याने नदीतला हा दगड अंगणात रोवला, युद्धात ज्या कुळाशी आमचे वैर होते त्याच्या म्होरक्याबरोबर समेटाची सुपारी चघळली आणि मला म्हणाला, "झालं, ताई. आता फक्त झेंडा वर जायचाय."

झेंडा गेला नाही. नेरियस गेला.

अधिकाऱ्याने कागद पुढे केला. "स्वातंत्र्याबाबत तुमच्याशी सल्लामसलत झाली, एवढंच लिहिलंय. खाली तुमची खूण हवी."

"ही कितवी सल्लामसलत?"

"सहावी... बहुतेक."

"बहुतेक! पहिल्यांदा आलेला साहेब निवृत्त होऊन नातवंडं खेळवतोय म्हणे. तुम्हीही याच कामात म्हातारे होणार वाटतं?"

माझा भाचा क्लेमेंट चुळबुळला. आमच्याकडे जमीन बाईची. पण चारचौघांत तिच्या वतीने शेवटचे उत्तर द्यायचे भावाने, आणि भाऊ नसेल तर भाच्याने.

"मावशी, करून टाक ना. एक रेघ तर मारायचीय. खूण नसेल तर आपलं गाव हिशेबात धरणारच नाहीत म्हणतात."

"तू गप्प बस. आज उत्तर मीच देणार."

माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांत हे प्रथमच घडत होते.

"साहेब, माझी खूण तुमच्याकडे आहे. मी ती पेटीत टाकली, भावानेही टाकली. पुन्हा विचारायचंच असेल, तर आधी हा दगड उपटा. लावा हात. मी अडवणार नाही."

तो दगडापासून एक पाऊल मागे सरला. मग त्याने कागदाची घडी घातली.

"वर काय सांगू, आजी?"

"सांगा, म्हातारी अजून जिवंत आहे. झेंडा पाहिल्याशिवाय जायचा तिचा विचार नाही."

तो गेला. क्लेमेंटने न सांगता करवंटीत पाणी आणले. मी खाली बसून दगड धुऊ लागले. नेरियसने रोवला तेव्हा तो माझ्या मांडीला लागत असे. दर पावसाळ्यात खचत खचत आता गुडघ्याखाली गेला आहे.

मी बोटांनी त्याच्याभोवतालची माती दूर करू लागले. थोड्या वेळाने क्लेमेंटही शेजारी येऊन बसला.