पुठ्ठ्याची शाळा

ऐकणाऱ्याला थाप वाटेल, वाटू दे. तिसरीच्या बाईंचा नियम एकच: जे स्वतः मोजाल तेच बनवायचं, ऐकीव काही चिकटवायचं नाही. त्यांच्या वर्गानं आपल्याच शाळेचं मॉडेल करायला घेतलं तेव्हा पोरांनी आठवडाभर सुतळीनं भिंती मोजल्या, जुनी खोकी कापली, पातेलंभर खळ शिजवली.

मंगळवारी चिमणीच्या हातून मॉडेलातल्या वर्गाला एक खिडकी जास्त कापली गेली. चिमणी म्हणजे वर्गातली सगळ्यात काटकुळी पोर. बुधवारी बाई येऊन बघतात तर खऱ्या भिंतीलाही नवी खिडकी, गजांवर जुना गंज चढलेली.

"ती पहिल्यापासूनच आहे की," शिपाईमामा म्हणाले. "मीच पुसतो."

"शेवटची कधी पुसलीत?"

"ते नका विचारू, बाई."

बाईंनी तोंडाला कुलूप घातलं. त्यांची लेक याच शाळेत, वरच्या मजल्यावर चौथीत होती. तिच्या कानावर गेलं असतं तर तिनं आईची गावभर टिंगल केली असती.

शुक्रवारी दुपारी पोरांनी छप्पर चिकटवलं आणि बाहेर शिपाईमामांचा झाडू खाली पडला.

"बाई, जिना कुठं गेला हो?"

बाई धावल्या. जिन्याच्या जागी कोरी भिंत. वर चौकोनी भोक, भोकातून तीस डोकी वाकलेली, त्यांत लेकीचं एक.

"आई, इथली फरशी दबतेय."

तिसरीच्या पोरांना वर जायची मनाई. मोजायला जिना चढलं होतं कोण? म्हणून मॉडेलात जिनाच नव्हता. आणि पुठ्ठा संपला म्हणून वरची जमीन त्यांनी रद्दीच्या कागदाची केली होती.

"जागचं हलू नका," असं वर बजावून त्या वर्गात परतल्या.

"छप्पर उचकटू का?" चिमणीनं विचारलं.

"खबरदार. वर पोरं आहेत."

बाईंनी कातरणात सापडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्टीला भराभर घड्या घातल्या, पायऱ्या पाडल्या, कडांना खळ फासली. मॉडेलच्या दारातून आत जाईल असा हात वर्गात एकच होता. चिमणीनं तो कोपरापर्यंत घातला. बाहेर कॉरिडॉरमध्ये अंधार पडला.

"मामा, काय दिसतंय?" बाईंनी हाक दिली.

"बोटं," शिपाईमामा म्हणाले. "खांबाएवढी. आणि त्यांच्यावर जिना."

"एकेकाला उतरवा. पळू देऊ नका. खळ ओली आहे."

पोरं उतरू लागली, तसा चिमणीचा हात खाली दबू लागला. ती ओठ चावून मोजत होती. बाविसाव्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एकोणतिसाव्याला तिनं दुसऱ्या हातानं दंड धरला.

"बाई, एकच राहिलंय. पण ते मधेच थांबलंय."

राहिली होती ती लेक. वर्गाची मॉनिटर, सगळ्यांना पुढे घालून मागे राहिलेली.

"मामा, तिला खाली आणा."

"जिना दोघांना झेपायचा नाही, बाई. ती पायरीवरच बसलीय. पाय उचलत नाही म्हणते."

बाईंनी चिमणीच्या हाताशेजारून आपला हात घालून पाहिला. दारातून फक्त करंगळी गेली. ती त्यांनी चाचपडत पायरीखाली टेकवली.

बऱ्याच वेळानं करंगळीला काहीतरी बिलगलं. मुंगीनं मिठी मारावी तसं, पण घट्ट.

बाई हलल्या नाहीत. चिमणीही हलली नाही. खळ वाळायला अजून अर्धा तास होता.