बटणावर चालणारं मशीन

आपेलूने गवत कापायचं लांब दांड्याचं मशीन पपईखाली आडवं ठेवलं, हात लुंगीला पुसले आणि तो घराच्या पायरीवर येऊन बसला.

"गेलं," तो म्हणाला.

"कोण गेलं?" भाजलेल्या नीरफणसाची काळी साल सीउला शिंपल्याने खरवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मशीन. आता त्यात दम नाही. रूता म्हणतेय ना, ऑकलंडहून बॅटरीवालं पाठवते. बटण दाबलं की सुरू."

"बटण! म्हणजे जरा खरखर केली की फेकून द्यायचं आणि बटणवालं आणायचं. माझेही गुडघे खरखर करतात, मलाही फेक."

"बटणवाली एवढी बोलणार नाही."

सीउलाला हसू आलं, पण ते तिने सालीबरोबर खाली टाकलं. "नाचता येईना अंगण वाकडं! पेट्रोलमध्ये ऑइल जास्त ओतलं असशील. मशीन दुरुस्त होईल. लेकीच्या घामाच्या पैशाचं काही आणायचं नाही."

बोलाला बोल देणारा आपेलू यावर गप्प बसला, तेव्हाच तिला खटकायला हवं होतं. पण तिचं लक्ष अंगणाकडे होतं.

गवत घोट्याच्या वर आलं होतं. घरासमोर आपेलूच्या आईबापांची थडगी होती, तिथे तर पाती पांढऱ्या सिमेंटवर लोळत होती. आणि शुक्रवारी पाहणी. गावच्या महिला समितीची सीउला प्रमुख. ती पुढे आणि बायका मागे, अशी घरोघर फिरायची. अंगण, चूल, चटया, भांडी, काही सुटायचं नाही. गंजक्या बादलीसाठी तिने पाद्र्यांच्या पत्नीला, पाद्रीबाईंनाही, दंड लावला होता. तिच्या स्वतःच्या अंगणाकडे मात्र आजवर कुणाला बोट दाखवता आलं नव्हतं.

"शेजारच्या पोराला बोलावू का, एवढ्यापुरतं?" तिने विचारलं.

आपेलू उठला आणि समोरचा कोकोचा पेला तसाच ठेवून अळूच्या शेताकडे निघून गेला. त्याच्या आईबापांच्या थडग्यांभोवतीचं गवत आजवर त्याच्याशिवाय कुणी कापलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सीउलाने मशीन गोणपाटात गुंडाळलं आणि बसमध्ये चढली. बस खच्चून भरलेली. एका तरुणाने तिला जागा दिली आणि बेटावरच्या रीतीप्रमाणे तो मागच्याच्या मांडीवर जाऊन बसला. मशीनचा दांडा तीन माणसांच्या मांड्यांवरून आडवा गेला. वाटभर सगळे त्यालाच धरून बसले, जणू पालखीचा दांडा.

बाजारामागे केलेपीचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने टाकीत पेट्रोल बघितलं, प्लग काढला, फुंकला, परत बसवला. मग मशीनवर पाय देऊन सुरू करायच्या दोरीला एक हिसका दिला.

मशीन सुरू झालं. पहिल्याच हिसक्याला.

त्याने ते बंद केलं, पुन्हा चालू केलं. "मावशी, याला झालंय काय?"

"ते तू सांगायचंस."

"काही झालेलं नाही. दोरी जरा ताठ आहे, पण ही मशीनं अशीच असतात. खांद्यातून जोर लागतो."

"सैल नाही करता येत?"

"नाही मावशी. ते इंजिनाच्या अंगातलंच आहे."

"सर बाजूला." सीउलाने दोरी धरली आणि ओढली. दोरी अर्ध्यावर आली आणि खर्रकन मागे गेली. तिने पुन्हा ओढली. पुन्हा तोच आवाज.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. गेले कितीतरी शनिवार, आपेलू मशीन सुरू करताना, चुलीशी बसून तिने तो ऐकला होता, आणि दर वेळी वाटायचं, मशीन कुरकुरतंय. नारळांची कावड हल्ली तो डाव्या खांद्यावर घ्यायचा. चर्चमध्ये बायबल डाव्या हातात. मच्छरदाणीचं उजवं टोक बांधायला तिला हाक मारायचा, आणि ती म्हणायची, आळशी झालास, म्हाताऱ्या. काल त्याला अंगण वाकडं असल्याचं सुनावलं ते वेगळंच.

दोरीची मूठ तिने हातातून सोडली नव्हती.

केलेपी हळूच म्हणाला, "काकांचा खांदा—"

"काय झालंय काकांच्या खांद्याला?"

"काही नाही, मावशी."

"मशीन मोडलंय."

"अहो, आत्ताच तर तुमच्यासमोर—"

"मोडलंय म्हणते ना! इंजिन गेलं, दुरुस्त होणार नाही. कुणी विचारलं तर काय सांगशील?"

केलेपीने तिच्याकडे पाहिलं, मग मशीनकडे. "इंजिन गेलं."

"पार गेलं."

"पार गेलं, मावशी."

"ठेव हे तुझ्याकडे. आणि आमच्या गावच्या माणसासमोर चालू करशील तर बघ."

घरी आल्यावर तिने रिकामं गोणपाट पायरीवर टाकलं. "जिंकलास, म्हाताऱ्या. इंजिन पार गेलं."

आपेलूने मान वर केली. "इंजिन?"

"मग काय माझं डोकं? केलेपी म्हणाला, असलं मशीन कुणी फुकट नेणार नाही."

त्याने गोणपाट उचलून त्याची घडी घातली. ती भांडी घासायला गेली.

रूताला तिनेच फोन केला. "पाठव ते बटणवालं. हलकं बघ. हलकं का म्हणजे? जहाजाचं भाडं कमी पडतं म्हणून!"

जहाज काही शुक्रवारच्या आत येणार नव्हतं.

शुक्रवारी सारख्या रंगाचे कपडे घातलेल्या समितीच्या बायका सीउलाच्या अंगणात येऊन थांबल्या. कुणी आभाळाकडे बघत होतं, कुणी कोंबड्यांकडे. घरात चटईवर आपेलू पाठमोरा बसला होता. तिथल्या घरांना असतात तसे घराला नुसते खांब होते, भिंती नव्हत्या, त्यामुळे ऐकू न येण्याचा प्रश्नच नव्हता.

"सीउलाताई, पुढे जाऊ या का? ऊन चढतंय," लागी म्हणाली. समितीत सीउलाखालोखाल तिचाच मान.

"पुढे का? गवत दिसत नाही?"

"दिसतं. जरासं वाढलंय."

"जरासं? कोंबडी हरवली तर सापडायची नाही. दंड लावा. डबाबंद मासळीची एक पेटी. सगळ्यांना लावतो तोच."

पाद्रीबाई गोड आवाजात म्हणाल्या, "आपेलूंची तब्येत बरी आहे ना?"

आपेलूची पाठ हलली नाही.

"त्यांना काय धाड भरलीय?" सीउलाचा आवाज समुद्रापर्यंत गेला असता. "आमचे हे ठणठणीत आहेत. मशीन मोडलं. ते पहिल्यापासून सांगत होते, नवं घेऊ या. मीच अडून बसले. त्यांचं ऐकलं नाही, चुकले, म्हणून ही पाळी आली."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सीउला 'चुकले' म्हणते, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. लागीने घसा साफ केला, दंड सांगितला, आणि सगळ्या पुढच्या घराकडे निघाल्या. सीउला नेहमीसारखी सर्वांच्या पुढे होती.

दुपारी ती परतली तेव्हा आपेलू तिथेच बसला होता. त्याच्यासमोर खोबरेल तेलाची बाटली होती.

"सीउला," तो म्हणाला, "जरा खांदा चोळून देतेस?"

ती त्याच्या मागे जाऊन बसली. तेल हातावर घेतलं, दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम केले.

"कुठला?" तिने विचारलं.