बादलीत निकेल कुठलं?

थोरल्याची एक खोड त्याच्या आईला कधीच खपत नसे. चूक आपण करायची आणि दुसऱ्याच्या माथी मारायची! या वेळी तर त्याने कमालच केली, थेट आईलाच पुढे केलं.

किनाऱ्यालगत त्याचा नळांना चकचकीत मुलामा देण्याचा कारखाना. धुण्याचं पाणी पाइपातून थेट समुद्रात. त्याची बायको समुद्राचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. तिने किनाऱ्यावर नमुने घेतले, तेव्हा सासूबाई हौसेने सोबत गेल्या. सुनेची पाठ वळताच आपल्या जस्ताच्या बादलीने पाणी उपसून एक बाटली त्यांनीच भरून टाकली!

तपासणीत धातू सापडले आणि कारखान्यावर गंडांतर आलं.

"आई, उद्या तपासनीस येतील. तू एवढंच सांग, पाणी माझ्या बादलीनं काढलं. सगळे नमुने बाद!"

बादली तर सासूबाईंचीच होती. त्या जवळजवळ हो म्हणाल्या. पण सुनेची अब्रू जाणार, हे मनाला टोचलं. त्यांनी सुनेलाच गाठलं.

"काय गं, माझ्या बादलीनं घोळ घातला?"

"एका बाटलीत घातला, आई. त्यात जस्त उतरलं, ती मी बाजूला काढली. पण निकेल सगळ्याच बाटल्यांत आहे. बादलीत निकेल कुठलं?"

"अगं, ते तर याच्या नळांवर असतं!" सासूबाई ताडकन उठल्या. "पण असून असून असणार किती? चिमूटभर!"

"तेवढंही नाही. पण शिंपल्या रात्रंदिवस तेच पाणी गाळतात, धातू अंगात साठवतात. आणि त्या शिंपल्या लोकांच्या ताटात जातात."

दुसऱ्या दिवशी तपासनीस कारखान्यात आले. थोरल्याने आईला डोळ्याने खुणावलं. त्या पुढे झाल्या. काय हा धीर!

"साहेब, एक बाटली मी बिघडवली. बाकी समुद्र यानं बिघडवलाय!"

"आई, समुद्र केवढा, माझा पाइप केवढा!" थोरला पुटपुटला.

"काठावरचा जो तो हेच म्हणतो! समुद्र मोठा म्हणून आपली घाण लहान होत नाही, बाबा."

थोरल्याची मान खाली गेली. त्याने पाइपाची तोटी बंद केली.

"हां, आता माझा मुलगा शोभलास! पाणी शुद्ध करणारी टाकी बांध, मगच तोटी उघड. तोवर कारखान्याला कुलूप, आणि किल्ली माझ्या कमरेला!"